मारी भाभीचा पासपोर्ट

१

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कैलाशदादानं आलमारी उघडली अन् पाहतो तर मारी भाभीचा पासपोर्ट नाही.

बाकी सारं जागच्या जागी. मायची सोन्याची पोत, चांदीच्या तोरड्या, दोघायच्या लग्नाचं सर्टिफिकेट, बाबाचा सातबारा. चोर आला असता तर पोत घेऊन गेला असता. पोत सोडून पासपोर्ट कोण नेते? ज्याले बाकी काही नको, फक्त मारी भाभी घरात नको, तोच. असं मले वाटलं. दादालेही तसंच वाटलं, त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मारी भाभी फिलिपिन्सची. पूर्ण नाव मारिसेल, पण आमच्या एकोडी गावात एवढं नाव कोण घेते. दादा दुबईले हॉटेलात सैपाकी होता, ती तिथंच काउंटरवर होती. जूनमधी ती टुरिस्ट व्हिसावर दादासंगं गावात आली. भंडाऱ्याले कोर्ट मॅरेज व्हायचं होतं, तोपर्यंत ती शेजारच्या शकुबाईच्या घरी राहिली. गावच्या बाया तोंडाले पदर लावून पाहत. गोरी नोय, काळी नोय, नाक बसकं, हिले काय येते?

मंग रोवणा लागला. आमच्या बांधीत बाया धानाचे रोप लावून राहिल्या होत्या. मारी भाभीनं चप्पल बांधावर काढली, पेंडी हातात घेतली अन् मागं मागं सरकत अशी सरळ ओळ लावली का शकुबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या गावातही धानच पिकते. "सेम सेम," ती म्हणे, "पानी सेम, चिखल सेम." तो रोवणा मले अजून आठवते. पोटरीपर्यंत चिखल, वरतून बारीक पाणी, बाया गाणं म्हणून राहिल्या अन् ही मागून शब्द न समजता सूर धरून राहिली. तसे दिवस परत नाही आले.

आता तिचा टुरिस्ट व्हिसा आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरते त्याच आठवड्यात संपत होता. इथं राहूनच बायकोचा व्हिसा मागता येते, ऑनलाइन, पण जुना संपायच्या आत. पासपोर्टच्या पानायचं साफ स्कॅन लागते, अन् मंग तोच पासपोर्ट नागपूरच्या ऑफिसात दाखवा लागते. नाही जमलं तर भाभीले वापस जा लागन. परत कधी येईन, येईन का नाही, कोणाले माहीत?

भाभी आलमारीजवळ भिताडाले टेकून उभी होती. रडत नव्हती. नुसती दादाकडं पाहत होती.

दादा म्हणे, "उद्या मी ठाण्यात जातो. घरातल्यायची नावं देतो. मंग कोण घेतला ते पोलीसच काढन."

बोलताना तो अंजू वहिनीकडं पाहत होता. वहिनी, इश्वरदादाची बायको, घराची मोठी सून. तिनं हातातली परात खाली आपटली अन् मागच्या अंगणात गेली. माय चुलीपाशी बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

मी म्हटलं, "दादा, संध्याकाळपर्यंत थांब. मी शोधते."

"तू? तुले तुही चप्पल भेटत नाही."

"दहावी सोडली, डोळे नाही सोडले. थांब म्हटलं ना."

त्यानं आलमारीची किल्ली माह्या हातात देल्ली. ही किल्ली सदाची सैपाकखोलीत खिळ्याले लटकत राहते. बाहेरच्याले ते माहीत नाही. म्हणजे ज्यानं पासपोर्ट घेतला, तो आमच्यातच बसून जेवत होता. नाहीतर ज्याच्या हातात तो शेवटी होता, त्यानं तो देल्लाच नव्हता.

२

साकोलीले बसस्टॉपच्या मागं विनोदचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पॅनकार्ड, परीक्षेचे फॉर्म, सारं तोच भरते. भाभीचा फॉर्मही तोच भरून राहिला होता. धनतेरसले पासपोर्ट त्याच्याकडं नेला होता. अन् दादा दुबईत असताना विनोदच्या बहिणीसाठी त्यायच्या घरून दादाले विचारणं आलं होतं. दादा नाही म्हटला होता. एवढं कारण मले भरपूर होतं.

मी आत गेली अन् सरळ त्याची कॉलर धरली.

"पासपोर्ट काढ."

"अवं टीना, कॉलर सोड. दिवाळीचा शर्ट आहे."

"भाभीचा पासपोर्ट आलमारीत नाही. तुह्या हातात होता."

"धनतेरसले होता. तेव्हाच वापस देल्ला, दादानं माह्यासमोर पिशवीत टाकला. अन् पाडव्याले तुमच्या घरी येऊन कोण म्हटलं, का स्कॅन पुसट आलं, पासपोर्ट परत आणा म्हणून? मीच ना? मी चोरला असता तर मीच मांगतला असता का?"

कॉलर सोडा लागली. राग आला का माहा हात पहिले जाते, डोकं मागून येते.

"पण तुह्या मनात बहिणीचं असन."

"बहिणीचं लग्न ठरलं, तुमसरले. पाडव्याले पत्रिकाच तर द्यायले आलो होतो. तुले लाडवापुढं दिसली नाही."

बाजूले बसलेलं एक पोट्टं हासलं. मी त्याच्याकडं पाहिलं तसं ते फॉर्म वाचाले लागलं.

"पाडव्याले अजून काय बोलला तू?"

विनोदनं शर्ट नीट केला. "हेच का पासपोर्ट सांभाळा. पाणी नका लागू देऊ, डाग नका पडू देऊ. पान खराब झालं अन् ऑफिसात नाही चाललं, तर नवा काढायले दिल्लीले जा लागन. तोपर्यंत व्हिसा संपन अन् भाभीले घरी जा लागन. तुही माय चहा घेऊन उभी होती. सारा चहा बशीत सांडला तिच्या हातून. अर्धा माह्या पँटवर."

"मायच्या हातून चहा नाही सांडत."

"त्या दिवशी सांडला. अन् दादाले सांग, दोघायचा एक फोटो काढून आण म्हणा कागदावर. लग्नाचे फोटो मांगतले तर मोबाइल दाखवते. भाभीचा एकटीचाही फोटो नाही म्हणे घरात. कशी माणसं तुम्ही, लग्न केलं अन् भिताडावर एक फोटो नाही?"

मी सायकल काढली. विनोद नाही, एवढं समजलं. पण घरात एक बाई होती, जी लक्ष्मीपूजनापासून मारी भाभीसंगं एक शब्द बोलली नव्हती. ते मी माह्या डोळ्यानं पाहिलं होतं.

३

अंजू वहिनी मागच्या अंगणात राखेनं भाताचे गंज, मोठी पातेली, घासून राहिली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"वहिनी, तू मारी भाभीवर जळते का?"

"हाव," तिनं गंज फिरवला. "जळते. लिहून देऊ का तुह्या दादाले?"

मले वाटलं होतं ती भांडन. तिचा आवाज नुसता थकलेला होता.

"लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती बाहेरची झाली, म्हणजे पूजेले तिले येता येत नाही. बरोबर? तिले बाहेर सपरीत खाट टाकून देल्ली, गादी टाकून देल्ली. मायनं स्वतः चहा नेऊन देल्ला, वरतून चादर. अन् मी नवी होती तेव्हा? माहीही पहिली दिवाळी अशीच निघाली. मले गोठ्याजवळ पोत्यावर बसवलं होतं. थाळी दुरून सरकवली होती याच मायनं. आता तू सांग मले. जळू का नको?"

तेव्हा मी लहान होती. मले त्या दिवाळीचे फक्त अनार आठवत होते.

"पण पासपोर्ट मी कायले घेऊ वं?" वहिनी म्हणे. "ती आली तवापासून अर्धी भांडी ती घासते. ती गेली तर हे सारे गंज परत माह्या एकटीच्या गळ्यात. एवढी येडी आहे का मी?"

हे खरं होतं. मी राखेची मूठ घेतली अन् दुसरा गंज ओढला.

"पूजेत काही झालं होतं का?"

"तुले काय माहीत असन, तू बाहेर सुतळी बॉम्ब लावून राहिली होती. टिक्यापुरती धरून आणली तुले. पूजा काय, दरवर्षीवाणी. विळे, नांगराचा फाळ, बँकेचं पासबुक, सारं पाटावर. तुह्या इश्वरदादाचा ट्रक गुजरातेत अडकला, म्हणून त्याचा फोटो ठेवला. मायनं फोटोले टिका लावला. घरचं माणूस लक्ष्मीसमोर हजर पाहिजे, नसन तर त्याचा फोटो तरी. हे तर तुमच्या घरचं आधीपासूनचं."

"अन् मंग?"

"मंग आम्हा साऱ्यायले अंगणात काढलं. म्हणे तुमी दिवे लावा, मी आलीच. आली कुठी? आमचे सारे दिवे लावून झाले तरी ती देवाजवळच. एकटी. मी आत आली तर मलेच रागावली, काहून आली म्हणून."

"काय करून राहिली होती?"

"मले काय दिसते पाठीमागून? पदरानं काही पुसून राहिली होती."

बाहेरून बाबाचा आवाज आला. जेवायची वेळ झाली होती. अन् माह्या डोक्यात आता एकच नाव राहिलं होतं, जे घ्यायले जीभ उठत नव्हती. म्हणून मी पहिले दुसरंच नाव धरलं.

४

बाबा म्हणजे भय्याजी. साऱ्या एकोडीले माहीत होतं का बाबाले ही सून नको होती. जूनपासून ते कैलाशदादासंगं सरळ बोलत नव्हते. काही सांगायचं असलं तर बैलाले सांगत, दादा बाजूले उभा राहून ऐकत होता.

माय वाढून आत गेली. मी बाबाच्या समोर बसली.

"बाबा, तुमाले मारी भाभी नको होती ना?"

"नको होती."

"मंग पासपोर्ट तुमी..."

बाबानं मान वर केली. मले वाटलं आता थाळी उडते. पण ते शांत बोलले. "जूनमधी दोघायले समोर बसवून मी म्हटलो, मले हे पसंत नाही. म्हटलो का नाही? जे मी तोंडावर म्हणू शकतो ते चोरून कायले करू?"

"आता पसंत आहे?"

"रोवणा चांगला लावते," बाबा म्हणे अन् घास घेतला. चावता चावता थांबले. "हा भात कोणाचा आहे?"

"आपलाच ना."

"आपला नोय. कालपण नव्हता, परवाही नव्हता. आपल्या तांदळाची शितं अशी तुटत नाही." त्यायनं आत आवाज देल्ला, "काय वं, तांदूळ कुठचा शिजवला?"

आतून माय म्हणे, "कोठीतलाच. जेवा मुकाट्यानं."

बाबा मुकाट जेवले. पण माहा घास हातातच राहिला. आमची तांदळाची कोठी, म्हणजे सैपाकखोलीतला मोठा पत्र्याचा डबा, दिवाळीच्या आधीच मिलवरून आणलेल्या तांदळानं गळ्यापर्यंत भरला होता. मी स्वतः भरला होता.

तेवढ्यात कुंपणावरून शकुबाईनं हाक मारली, "टीना, माही टोपली दे वं इकडे. नेतात तर आणून देत नाही तुमी लोकं."

मी टोपली घेऊन गेली. "कायले नेली होती मावशी?"

"कायले म्हणजे? तुह्या मायनं तांदूळ नेला ना. पाडव्यापासून नेऊन राहिली. म्हटलं कौशल्या, तुह्या घरी धानाचा डोंगर अन् माह्याकडं हात पसरते, कोठीले किडे लागले का? म्हणे हाव, लागले."

"तांदूळ तर नवीन आहे, मावशी."

"तेच तर. नवीन तांदळाले कुठी किडे लागतात?" शकुबाईनं टोपली झटकली. "भांडण झालं का तुमच्या घरी? सकाळपासून आवाज येऊन राहिला."

मी सपरीत येऊन बसली, मारी भाभीच्या रिकाम्या खाटेवर. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती इथंच बसली होती. इथून आतली आरती ऐकू येते. दिवा नाही दिसत, मधात भिताड आहे.

मंग सारं एकामागं एक आलं.

५

सूर्य बुडायले आला होता. माय सैपाकखोलीत एकटी होती, पातेलं विसळून राहिली होती.

मी म्हटलं, "माय, आज भात मी मांडते. कोठीतून तांदूळ काढू?"

तिचा हात पाण्यातच थांबला.

"शकुबाईचा आहे थोडा. तो घे."

"आपली कोठी भरून आहे. मी भरली ना."

"तुले सांगतलं ना," ती म्हणे, पण तिचा आवाज फाटला होता.

मी तिच्याजवळ खाली बसली. एरवी मी ओरडून बोलली असती. त्या दिवशी नाही जमलं.

"माय, मी सांगते, तू ऐक. चुकलं तर थापड मार. घरचं माणूस पूजेत नसन तर तू त्याच्या फोटोले टिका लावते. इश्वरदादाच्या फोटोले लावला. त्या दिवशी पूजेत दुसरं कोण नव्हतं? मारी भाभी. तिचा फोटो कुठी आहे? सारे मोबाइलमधी. कागदावर तिचं तोंड या घरात एकाच जागी छापलेलं आहे, पासपोर्टमधी. तू साऱ्यायले बाहेर काढलं अन् आलमारी उघडली. मंग काहीतरी झालं, कारण तू पदरानं पुसत होती. अन् पाडव्याले विनोद म्हटला, डाग पडला तर बाई वापस जाते, तर तुह्या हातून चहा सांडला. जिनं डाग नाही पाडला तिचा चहा कायले सांडन?"

माय माह्याकडं पाहत नव्हती.

"अन् दसऱ्याच्या आधी माहा मोबाइल बोडीच्या पाण्यात पडला होता. तूच तो तांदळात गाडून ठेवला होता. चालू झाला होता. तेव्हापासून तुले वाटते तांदूळ साऱ्या दुखण्याचं औषध आहे."

मायनं पातेलं बाजूले ठेवलं. पदराले हात पुसले. उठली, कोठीचं झाकण काढलं अन् कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तेव्हा त्याच्यात सुती फडक्यात गुंडाळलेला पासपोर्ट होता. पांढरे दाणे त्याच्यावरून खाली पडले.

"टिका तर निघून गेला," ती म्हणे. "फोटोवाला कागद चकचकीत आहे, पुसला तसा निघाला. पण पुस्तक उचलता उचलता दिवा कलंडला वं. तेल बाजूच्या पानावर गेलं, शिक्क्यावर. म्हटलं तांदूळ ओढन. रोज काढून पाहत होती. थोडं ओढलं, सारं नाही. मंग विनोद तसं बोलला. मंग तुम्ही शोधाले लागले अन् कैलाशनं अंजूकडं असं पाहिलं. कोणत्या तोंडानं सांगू? मीच तिले घरातून काढलं असं झालं ना."

"पण टिका लावायचाच कायले? ती चार पावलावर बसली होती, नंतर लावला असता."

माय हासली, पण ते हासणं बरं नव्हतं.

"माह्या पहिल्या दिवाळीले मी गोठ्यात होती. मीही बाहेरची. आत आरती चालू. आवाज येते, दिवा दिसत नाही. तुह्या बाबाच्या मायनं घरातल्या साऱ्यायले टिका लावला. मंग गोठ्यात आली. मले वाटलं माह्यासाठी आली. तिनं बैलायले टिका लावला अन् गेली. बैल माह्यासमोर बांधले होते. त्यायच्या कपाळावर कुंकू अन् माह्या कपाळावर नाही. मी साऱ्या दिवाळीभर त्या बैलाच्या कपाळाकडं पाहत होती. इतकी वर्षं झाली, दिवाळी आली का मले पहिले ते बैल दिसतात. म्हटलं हिची माय समुद्राच्या पलीकडं. हिले कोणी विचारलं, का तुह्या नवऱ्याच्या घरी पहिली लक्ष्मी आली तेव्हा तू कुठी होती, तर हिनं सांगावं का मी पाटावर होती."

दारात खसखस झाली. मी मागं पाहिलं. अंजू वहिनी उभी होती. तिच्या मागं मारी भाभी अन् दादा. किती वेळाचे उभे होते काय माहीत.

वहिनीच बोलली पहिले. "अन् माह्या वेळी? माह्या वेळी काहून नाही आठवले ते बैल?"

मायनं तिच्याकडं पाहिलं. मंग म्हणे, "तुह्या वेळी मी नवीन सासू होती, अंजू. मले वाटलं सासू अशीच राहते. दुसरी मी पाहिलीच नव्हती. तुहा टिका राहून गेला माह्या हातून. ते माहंच चुकलं."

वहिनी खाली बसली अन् सांडलेला तांदूळ गोळा कराले लागली. तिच्या हातावर डोळ्यातलं पाणी पडत होतं, ते तिनं पुसलं नाही.

मारी भाभीनं पासपोर्ट घेतला. फोटोचं पान उघडलं. फोटोच्या कडेले, प्लास्टिकच्या खाली, जराशी गुलाबी रेघ राहिली होती. दुसऱ्या पानावर तेलाचा मोठा डाग, पण शिक्क्याचे आकडे वाचता येत होते.

"माय," ती आपल्या दुबईच्या हिंदीत म्हणे, "मेरा फोटो को टिका लगाया? मैं मर गया क्या?"

मंग दादाच पहिले हासला. त्यानं अंजू वहिनीसमोर हात जोडले अन् ती म्हणे, "हात राहू द्या भाऊजी, आजचे गंज तुमी घासा."

मले हासू येत नव्हतं. डाग तर डागच होता. मंडई जवळ आली होती, अन् आता चोर नाही, फक्त ते पान होतं.

६

विनोदनं दुसऱ्याच दिवशी स्कॅन केलं, फॉर्म पाठवला. साकोलीच्या ठाण्यातून जमादार घरी येऊन गेला, ही खरंच इथं राहते का विचारायले. शकुबाईनं त्याले कुंपणावरूनच रोवण्यापासूनची सारी कथा ऐकवली, तो चहा न घेताच पळाला. मंग नागपूरवरून बोलावणं आलं, अस्सल पासपोर्ट घेऊन या.

माय, दादा, भाभी अन् मी निघालो, बसवर पोचवायले बाबा आले. जूनपासून पहिल्यांदा दादाच्या डोळ्यात पाहून बोलले, "वापस घेऊन ये तिले." एवढंच.

ऑफिसात एक मॅडम होत्या, चष्मेवाल्या. त्यायनं पानं पलटली अन् तेलाच्या डागाजवळ थांबल्या.

"हे काय झालं?"

दादा काही जुळवून सांगाले गेला. मायनं त्याले हातानं मागं केलं. नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून ती टेबलापर्यंत गेली.

"माह्या हातून झालं मॅडम. दिवाळीले देवाजवळ ठेवलं होतं, दिवा सांडला. तिची काही गलती नाही. जे करायचं ते मले करा."

"देवाजवळ? पासपोर्ट?"

"पासपोर्ट नाही. ती."

मॅडमनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. पान उजेडाकडं धरून शिक्का वाचला.

"वाचता येते," त्या म्हणाल्या. "पण पुढे नवा काढून घ्या." मंग मारी भाभीकडं वळल्या अन् हिंदीत विचारलं, का कोणी जबरदस्ती तर नाही केली, तुम्हाला आपल्या देशात वापस जायचं आहे का.

मारी भाभीनं आमच्याकडं पाहिलं नाही. सरळ मॅडमकडं पाहून, शकुबाई 'कायले' म्हणताना करते तशी एका हाताची बोटं उघडून, म्हणे, "कायले? चुरणा बाकी आहे ना."

मॅडमचं गाव कुठचं होतं काय माहीत, पण चुरणा म्हणजे धानाची मळणी, ते त्यायले समजलं. त्या हासल्या अन् पेन उचलला.

मंडईच्या दिवशी दादाच्या मोबाइलवर मंजुरी आली. आता ते दोघं शहापूरले राहतात, हायवेवर त्यायची खानावळ आहे, भंडाऱ्यावरून लोकं जेवायले येतात. एकोडीत आता मशीन येते, बांधीतच धान काढून पोत्यात भरून देते. घर लवकर झोपते. मी कधी कधी खळ्याच्या जागेवर उगाच जाऊन उभी राहते.

त्या वर्षीचा चुरणा बैलायचाच झाला, आमच्याकडचा शेवटचा. धानाच्या पेंढ्यावर बैल गोल गोल फिरत होते, त्यायच्या मागं मारी भाभी, डोक्याले दुपट्टा बांधलेला, अंगभर भुसा. माय काठावर बसून तिच्यावर ओरडून राहिली होती. बैल हळू हाण म्हणे, पायाकडं पाह, कितीदा सांगू तुले. तोपर्यंत अशी ओरडणी घरात फक्त माह्या वाट्याले येत होती.